पांढरी मुळी रोज पाहायची असेल तर: जमिनीखाली कॅमेरा कसा बसवावा

द्राक्षबागेत छाटणी झाली की काही दिवसांनी बागाईतदार बोदाच्या, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्याच्या, कडेला बसतो, खुरप्याने चार बोटं माती बाजूला करतो आणि पांढरी मुळी चालू झाली का ते बघतो. मुळी दिसली की खतापाण्याचा पुढचा निर्णय. ही पाहणी खरी आहे आणि उपयोगीही आहे. तिची अडचण एकच: उघडी पडलेली मुळी वाळून जाते. आज पाहिलेली मुळी उद्या किती पुढे गेली, किती दिवस पांढरी राहिली, कधी तपकिरी झाली, कधी कुजून नाहीशी झाली, हे कळायला मार्ग उरत नाही. शेजारी उकरावं तर तिथे वेगळीच मुळी असते.

तीच मुळी, त्याच जागी, रोज बघायची असेल तर माती न उकरता आत डोळा ठेवावा लागतो. ही कल्पना जुनी आहे. १९३७ साली जी. एच. बेट्स यांनी मातीत काचेची नळी रोवून, आत दिवा आणि आरसा सोडून मुळं पाहण्याची युक्ती मांडली होती. पुढे आरशाच्या जागी कॅमेरा आला, आणि मग तो कॅमेरा ठरलेल्या वेळी आपोआप फोटो काढू लागला. अशा पारदर्शक नळीला मिनी-रायझोट्रॉन म्हणतात. ग्रीक भाषेत रायझा म्हणजे मूळ.

हा लेख पहिल्यांदाच असं काही करू पाहणाऱ्यांसाठी आहे: कृषी किंवा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, प्रयोगाची हौस असलेला शेतकरी, किंवा इलेक्ट्रॉनिक्स येतं पण मातीशी ओळख नाही असा कुणी. कॅमेऱ्यावर मी कमी बोलणार आहे आणि खड्ड्यावर जास्त. माझ्या अनुभवात असे प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा काच आणि माती यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या पोकळीमुळे.

आधी प्रश्न ठरवा, मग यंत्र

"मुळं बघायची आहेत" हा प्रश्न नाही. "ठिबकच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवलं तर तुरीची मुळं खोल जातात का" हा प्रश्न आहे. प्रश्न ठरला की तीन गोष्टी आपोआप ठरतात: किती बारीक दिसायला हवं, किती वेळाने फोटो हवा, आणि किती खोल.

बारीकपणाचं गणित असं. पिकांची तंतुमुळं साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटर जाडीची असतात. मुळांवरचे केस त्याहून फार बारीक, सुमारे ०.०१ मिलिमीटर. मुळांसोबत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे त्याहूनही बारीक असू शकतात. साध्या स्कॅनरवर ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, ठेवलं तर फोटोतला एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा असतो, ६०० डीपीआयला ०.०४२. म्हणजे तंतुमुळं मोजायला ६०० पुरतं. ३००ला सर्वांत बारीक मुळं निसटतात. बुरशीचे धागे मात्र यातल्या कशातच दिसणार नाहीत.

त्यासाठी वेगळी यंत्रं आहेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन जसिंटो डोंगरातल्या जेम्स रिझर्व्ह या संशोधन क्षेत्रात मायकेल ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीच्या आत स्वतः सरकणारा, फिरणारा कॅमेरा वापरला. त्याचा एक फोटो जेमतेम ३ मिलिमीटर रुंद असतो. असे हजारो फोटो जोडून नळीच्या भिंतीचा नकाशा तयार होतो. त्यात बुरशीचे धागे दिसतात, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्यांची वाढ कशी बदलते हेही पाहता आलं. सोबत मातीचं तापमान, ओल आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर पुरलेले होते. ते महत्त्वाचं, कारण मुळी वाढली हे फोटो सांगतो. का वाढली हे सांगायला आकडे लागतात.

वेळेचं गणित उरलं. उबदार मातीत मक्याचं मुख्य मूळ दिवसाला काही सेंटिमीटर पुढे जातं. पंधरा दिवसांनी एकदा फोटो काढलात तर मधल्या काळात जन्मून मेलेली बारीक मुळं तुमच्या हिशेबात येतच नाहीत. आपोआप फोटो काढण्याचा खरा फायदा हा आहे. हंगामी पिकाला दिवसाला चार फोटो, फळझाडाच्या तंतुमुळांना दिवसाला एक, एवढ्यावर सुरुवात करा.

नळी की पुरलेला स्कॅनर

दोन मार्ग आहेत. पहिला नळीचा: ५ ते ७ सेंटिमीटर व्यासाची ॲक्रिलिकची नळी मातीत आणि आत वरखाली होणारा कॅमेरा किंवा गोल फिरणारा स्कॅनर. एकाच नळीत मीटरभर खोलीपर्यंतचं दिसतं. विकतची यंत्रं चांगली आहेत आणि महाग आहेत. घरी करायचं तर मोटर, सरकपट्टी, दिवे आणि ओलाव्यापासून बचाव हे सगळं अरुंद नळीत बसवावं लागतं. पहिल्या प्रयोगात हे अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग साधा. कार्यालयात कागद स्कॅन करायला वापरतात तोच ए-४ आकाराचा सपाट स्कॅनर, झाकण काढून, जलरोधक पेटीत बसवून, काच मातीकडे करून पुरायचा. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ती अनेकांनी वापरली आहे. एका स्कॅनरला २१ बाय २९.७ सेंटिमीटरची खिडकी मिळते. हलणारे भाग स्कॅनरच्या पोटात आधीच असतात, प्रकाश त्याचाच असतो, आणि जागा सरकत नाही. पुढचा बराच भाग मी याच मार्गाबद्दल लिहितो आहे. मातीचे नियम नळीलाही तेच लागू पडतात.

स्कॅनर घेताना एक गोष्ट नीट बघा. बाजारात दोन जाती आहेत. सीआयएस जातीचा स्कॅनर पातळ असतो, स्वस्त असतो आणि यूएसबीच्या विजेवर चालतो, पण त्याला काचेला अगदी चिकटलेलीच वस्तू स्पष्ट दिसते. सीसीडी जातीचा जाड असतो, वीज जास्त खातो, पण काचेपासून थोडी दूर असलेली वस्तूही पकडतो. सीआयएस स्कॅनर ३ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकमागे ठेवलात तर सगळी मुळं धूसर येतील. म्हणून सीआयएस असेल तर स्कॅनरची स्वतःचीच काच मातीला टेकली पाहिजे आणि कडा सिलिकॉन सीलंटने बंद केल्या पाहिजेत. पूर्ण पेटीत ठेवायचा असेल तर सीसीडी घ्या. जुना सीसीडी स्कॅनर भंगारवाल्याकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात मिळून जातो.

पुढे स्कॅनर ज्या छोट्या संगणकाला जोडायचा तो लिनक्सवर चालतो, म्हणून स्कॅनर लिनक्सवर चालतो का, तेही विकत घेण्याआधी तपासा. लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सेन नावाच्या मोफत प्रणालीवर कोणते स्कॅनर चालतात याची यादी उघड आहे. त्या यादीत नाव नसेल तर कितीही स्वस्त मिळत असला तरी सोडून द्या.

टेबलावर आठ दिवस

पुरण्याआधी सगळी जोडणी टेबलावर आठ दिवस चालवा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला स्कॅनर, आणि स्कॅनर उभा करून ठेवलेला. कागदासाठी बनलेला स्कॅनर आडवा चालायला केलेला असतो. उभा केल्यावर काहींची सरकती पट्टी अडखळते. पन्नास स्कॅन उभ्याने नीट झाले तरच पुढे जा. समोर ओल्या मातीची, काही मुळं लावलेली पिशवी टेकवा. त्याने प्रकाशाची, रंगाची आणि स्पष्टतेची परीक्षा होते.

फोटो काढण्यासाठी स्कॅनइमेज ही एका ओळीची आज्ञा पुरते. स्वयंचलित रंगसुधारणा असेल तर बंद करा. रोज वेगळा उजेड आणि वेगळा रंग आला तर पुढे मुळी तपकिरी झाली की यंत्राने ती तपकिरी दाखवली हे कळणार नाही. फोटो टिफ किंवा पीएनजीमध्ये साठवा. जेपीईजीत बारीक मुळांच्या कडा विस्कटतात.

फाइलच्या नावात प्लॉट, खिडकीचा क्रमांक, तारीख आणि वेळ असू द्या, आणि तारखेत वर्ष आधी लिहा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. हे सांगण्याचं कारण घड्याळ. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या पाटीवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. शेतात इंटरनेट नसेल तर वीज गेल्यावर त्याची वेळ चुकते. डीएस ३२३१ हे छोटं घड्याळ जोडा. तारीख चुकलेला फोटो वाढीच्या हिशेबात वापरता येत नाही.

जागेचा अंदाज: ए-४ आकाराचा रंगीत फोटो ३०० डीपीआयला न दाबता सुमारे २६ एमबी होतो, ६०० डीपीआयला त्याच्या चौपट. दिवसाला चार, १२० दिवस, ३०० डीपीआय म्हणजे एका खिडकीचे साडेबारा जीबी, ६००ला पन्नास. पेनड्राइव्हवर एक प्रत आणि दर आठवड्याला घरी नेऊन दुसरी प्रत, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

वीज

शेतातल्या विजेवर भरवसा ठेवू नका. १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी, छोटं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर घ्या. सगळं यंत्र चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही. १२ व्होल्टवर चालणारा डिजिटल टायमर ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं वीज सोडतो. रास्पबेरी पाय सुरू होतो, स्कॅन घेतो, स्वतः नीट बंद होतो, मग टायमर वीज तोडतो. बंद होण्याआधी वीज तुटली तर मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून पाच मिनिटं शिल्लक ठेवा. दिवसातून चार वेळा म्हणजे एक तास, सुमारे ६ वॅट-अवर. बॅटरी अर्धीच वापरली तरी श्रावणातल्या ढगाळ दिवसांत आठवडाभर निघतो.

वीज कमी वापरण्याला आणखी एक कारण आहे. चालू यंत्र गरम होतं, आणि गरम पेटीजवळची माती ही शेतातली माती राहत नाही. प्रकाशाचंही तेच. स्कॅन नसताना आत पूर्ण अंधार हवा.

खड्डा

इथे घाई करू नका. हा एक दिवस नीट गेला तर पुढचे चार महिने नीट जातात.

मी माझी पहिली नळी एप्रिलमध्ये, कोरड्या काळ्या जमिनीत बसवली. गिरमिटाने भोक पाडलं, नळी ठोकून आत घातली, वरून माती लोटली. जुलैत नळीच्या भिंतीवर मुळांचं दाट जाळं दिसलं, वेणी घातल्यासारखं, वरून खालपर्यंत. मी आनंदाने ते सगळ्यांना दाखवलं. हंगाम संपल्यावर नळीपासून हातभर अंतरावर मातीचा नमुना काढून धुतला, तर त्यात मुळं विरळ होती. काळी माती आकसलेली असताना भोक पाडलं होतं आणि नळीभोवती पोकळी राहिली होती. पावसाचं पाणी त्या पोकळीतून खाली उतरलं आणि मुळं पाण्याच्या मागे गेली. माझ्या फोटोंमध्ये शेत नव्हतं, मी तयार केलेली फट होती. चार महिन्यांचं काम त्या एका दुपारी गेलं.

म्हणून पहिला नियम: माती वाफशावर असतानाच खड्डा घ्या. मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि बोटाने टोचली की फुटावी. चिखलात काम केलं तर कुदळीने खड्ड्याची भिंत लिंपली जाते, त्या गुळगुळीत थरातून मुळं आणि पाणी दोन्ही नीट जात नाहीत. कोरडीत केलं तर माझ्यासारखं होतं.

जागा निवडताना ओळीत दोन झाडांच्या मध्ये, बुंध्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर घ्या. ठिबक असेल तर ड्रिपरपासूनचं अंतर सगळ्या खिडक्यांना सारखंच ठेवा. खड्डा झाडाच्या ओळीतून खणू नका. बाजूने, ओळींच्या मधल्या जागेतून खणत या, म्हणजे स्कॅनरची काच ज्या भिंतीला टेकणार ती भिंत न हललेल्या मातीची राहील. निघालेली माती तीन ढिगांत ठेवा: वरची, मधली, खालची. भरताना त्याच क्रमाने परत गेली पाहिजे. वरची सुपीक माती तळाशी गेली तर मुळं तिथे जमा होतील आणि तुम्हाला वाटेल पीक खोल जातं आहे.

समोरची भिंत पत्र्याच्या सरळ पट्टीने तासून सपाट करा. बाहेर आलेले खडे काढा, मुळं कात्रीने कापा, ओढू नका. मग प्रत्येक थराची माती वेगवेगळी दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घ्या आणि जिथे जिथे खळगे दिसतात तिथे त्याच थराची चाळलेली माती हलक्या हाताने दाबून बसवा. चिखल करून लिंपू नका. तो वाळला की आकसतो आणि फट पडते. आता स्कॅनर टेकवा, एक स्कॅन घ्या आणि लॅपटॉपवर बघा. काळ्या, धूसर जागा म्हणजे पोकळ्या. पेटी काढा, भरा, पुन्हा टेकवा. मला सहसा चार-पाच वेळा हे करावं लागतं. फोटोत सगळीकडे मातीचे कण स्पष्ट दिसले की थांबा.

काच अगदी उभी ठेवावी की किंचित कललेली? मूळ खाली वाढतं, त्यामुळे काच थोडी आभाळाकडे कलली, म्हणजे माती काचेच्या वर आली, तर मुळं काचेवर येऊन टेकतात आणि जास्त दिसतात. पण ती नैसर्गिकपेक्षा जास्त दिसतात. कोणताही कोन घ्या, पण सगळ्या खिडक्यांना तोच घ्या आणि तो लिहून ठेवा. नळी असेल तर ४५ अंशात घालतात, कारण उभ्या नळीच्या बाजूने मुळं सरळ खाली घसरत जातात. दीड मीटर नळी ४५ अंशात घातली की खोली साधारण एक मीटर मिळते. जर्मनीत युलिख संशोधन केंद्राच्या झेल्हाउझेन इथल्या शेतात तर नळ्या आडव्याच टाकल्या आहेत: सात-सात मीटर लांब, १०, २०, ४०, ६०, ८० आणि १२० सेंटिमीटर खोलीवर. प्रत्येक खोलीची स्वतंत्र नळी असल्याने थरांची तुलना सरळ करता येते. शेताखाली एवढं खणकाम आपल्याला परवडणारं नाही, पण एकेका खोलीला एकेक खिडकी हा विचार घेण्यासारखा आहे.

पाणी, उंदीर आणि वर येणारी पेटी

पावसाळ्यात भारी जमिनीत खड्ड्यात पाणी साठतं, आणि हवा भरलेली पेटी तरंगते. ५० बाय ३५ बाय १२ सेंटिमीटरची पेटी म्हणजे २१ लिटर. पाणी तिला जवळजवळ २१ किलोच्या जोराने वर ढकलतं. पेटीचं वजन पाच किलो असेल तर उरलेला जोर कुणीतरी धरून ठेवावा लागतो. पेटीच्या मागे आणि वर दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे घाला आणि दोन लोखंडी सळ्या तळात ठोकून पेटी त्यांना बांधा. नळीलाही हे लागू आहे. सात सेंटिमीटर व्यासाची मीटरभर नळी पावणेचार किलोच्या जोराने वर येऊ पाहते. नळी दोन मिलिमीटर सरकली तरी कालचा आणि आजचा फोटो जुळत नाही.

पेटीतून बाहेर पडणारी वायर केबल ग्लँडमधून, म्हणजे वायरभोवती घट्ट आवळणाऱ्या जलरोधक बुचातून, काढा आणि जमिनीवर येईपर्यंत लोखंडी पाइपमधून न्या. उंदीर आणि घुशी वायर कुरतडतात. साधी यूएसबी वायर पाच मीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणून रास्पबेरी पायचा डबा जवळच, जमिनीपासून कंबरेएवढ्या खांबावर, सावलीत लावा. पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि झाकणाला एक छोटी पारदर्शक चकती लावा, म्हणजे जेलचा रंग बदलला की कळेल. काचेवर आतून दव धरलं की त्या दिवसांचे फोटो बाद समजा.

पेटीचा किंवा नळीचा जो भाग जमिनीवर येतो तो आधी काळा आणि त्यावर पांढरा रंगवा. काळा उजेड थांबवतो, पांढरा ऊन परतवतो. आत उजेड गेला की काचेवर शेवाळ धरतं आणि वरच्या थरातली मुळं काचेपासून दूर जातात. नळ्यांमध्ये वरच्या वीसेक सेंटिमीटर थरातली मुळं खऱ्यापेक्षा कमी दिसतात, हे जगभर आढळलेलं आहे. उजेड, तापमान आणि ढिली माती ही त्यामागची कारणं.

थांबा

बसवल्यावर लगेच दिसणारी वाढ खरी मानू नका. खणताना मुळं तुटतात, माती हलते, अन्नद्रव्यं मोकळी होतात आणि मुळांचा जोरदार फुटवा येतो. फळझाडात किंवा जंगलात सहा महिने ते वर्षभर वाट बघून मगच मोजायला लागतात. हंगामी पिकाला तेवढा वेळ नसतो, म्हणून पेरणीच्या वेळीच किंवा लगेच नंतर बसवा, म्हणजे पिकाची मुळं येईपर्यंत माती बसलेली असेल. काळ्या जमिनीत पावसाच्या खंडात काचेलगत भेग पडली तर तिची तारीख वहीत लिहा. त्या जागेचे पुढचे फोटो वेगळे ठेवा.

या दिवसांतही फोटो रोज उघडून बघा. गांडूळ एका रात्रीत काचेवर वाट पाडून जातं, मुंग्या अंडी हलवतात, वाळवी येते. आणि मग एक दिवस कोपऱ्यात दुधासारखं पांढरं टोक दिसतं, सहा तासांनी ते नखभर पुढे गेलेलं असतं. इतक्या वर्षांनंतरही ते पहिलं टोक दिसलं की मी आधी घरच्यांना हाक मारतो.

मोजणी

पहिले पन्नास फोटो हाताने मोजा. इमेज-जे हे फोटोवर मोजमाप करण्याचं सॉफ्टवेअर किंवा त्याचंच फिजी हे रूप मोफत आहे. त्यात मुळांवर रेघ ओढली की लांबी मिळते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय कोणती रेघ मूळ आहे आणि कोणती जुन्या पिकाची वाळलेली काडी, हे डोळ्याला कळत नाही. जो स्वतः ओळखू शकत नाही तो संगणकाला शिकवूही शकत नाही.

त्यानंतर संगणकाची मदत घ्या. कोपनहेगन विद्यापीठात तयार झालेलं रूटपेंटर हे मोफत सॉफ्टवेअर नवख्यांसाठी मला सर्वांत सोयीचं वाटतं. तुम्ही काही फोटोंवर मुळं एका रंगाने आणि माती दुसऱ्या रंगाने रंगवता, ते शिकतं, चुकतं, तुम्ही फक्त चुका दुरुस्त करता आणि ते पुन्हा शिकतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर चालवता येतं. त्यातून मिळालेली मुळांची काळीपांढरी चित्रं ऱ्हायझोव्हिजन एक्सप्लोरर या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरला दिली की लांबी आणि जाडीचे आकडे मिळतात. त्यात तुटक मुळांसाठी असलेला पर्याय निवडा, कारण खिडकीत अख्खं मूळ कधीच दिसत नाही.

निकाल लिहिताना "खिडकीच्या एका चौरस सेंटिमीटरला किती मिलिमीटर मूळ" असं लिहा. त्यावरून मातीच्या घनफळातली मुळं काढणारे लोक काचेमागे दोन-तीन मिलिमीटर दिसतं असं धरून हिशेब करतात. ते गृहीतक आहे, मोजमाप नाही, आणि धरलंत तर तसं लिहा.

मूळ जिवंत की मेलेलं हे रंगावरून ठरवताना जपा. तपकिरी मूळही पाणी वाहून नेत असू शकतं. आधीच व्याख्या लिहून ठेवा: पहिल्यांदा दिसलं ती जन्मतारीख, काळं पडून सुरकुतलं किंवा नाहीसं झालं ती मृत्यूची. मग हंगामभर व्याख्या बदलू नका.

आणि एक हिशेब, ज्यावर प्रबंध परत येतात. एका खिडकीचे पाचशे फोटो म्हणजे पाचशे नमुने नव्हेत. तो एक नमुना आहे, पाचशे वेळा पाहिलेला. दोन पद्धतींची तुलना करायची असेल तर प्रत्येक पद्धतीत किमान चार वेगवेगळ्या जागी खिडक्या हव्यात. पैसे कमी असतील तर एक महाग कॅमेरा घेण्यापेक्षा आठ जुने स्कॅनर घ्या.

एवढी खटपट कशासाठी, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिळतं. तिथल्या मार्सेल प्रायोगिक जंगलातल्या दलदलीत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोठमोठ्या उघड्या छताच्या कोठड्या उभारून आतली हवा आणि जमीन नऊ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आहे. स्प्रूस हे त्या प्रयोगाचं नाव. तिथे नळ्यांमधून पाहिलं तेव्हा उष्णता वाढून दलदल कोरडी होत गेली तशी झुडपांच्या बारीक मुळांची वाढ जोरात वाढलेली दिसली. हजारो वर्षं साठलेला कार्बन ज्या मातीत आहे, तिथल्या मुळांचं वागणं जमिनीवरून कुणाला कळलं नसतं.

हंगाम संपल्यावर

पीक काढल्यावर पेटी लगेच उपटू नका. शेवटचा फोटो घ्या, आणि त्याच दिवशी खिडकीसमोरच्या मातीतून, काचेपासून साधारण हातभर अंतरावर, प्रत्येक खोलीचा एक असे गिरमिटाने नमुने काढा. नमुन्यांच्या पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई ओलीत पसरते. रात्रभर पाण्यात भिजवा, बारीक चाळणीवर हळू धुवा, मुळं पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरवून दुसऱ्या स्कॅनरवर ठेवा आणि लांबी मोजा. खिडकीतल्या आकड्यांच्या शेजारी हे आकडे लिहा. दोन्हींचा खोलीनुसार चढउतार सारखा असेल तर तुमची खिडकी शेताचं खरं सांगते आहे. नसेल तर कुठल्या थरात बिनसलं ते दिसेल, आणि पुढच्या वर्षी त्याच थराच्या मातीवर चाळणी धरून जास्त वेळ बसा.

काम चांगलं झालं असेल तर पेटी तिथेच राहू द्या. दुसऱ्या वर्षी माती पूर्ण बसलेली असते, भेगांच्या जागा माहीत असतात, आणि जुन्या पिकाच्या कुजलेल्या मुळांनी सोडलेल्या वाटांमधून नवीन पिकाची मुळं उतरताना दिसतात.